बारावीनंतर मुलाला नवी मंडळी (चर्च) सुरू करण्याचं शिक्षण घ्यायचंय. पाठवू का?

भांडुपची_सिस्टर
सोमवार, रात्री ११.४०

सगळ्यांना जय ख्रिस्त. आज नाइट नाही म्हणून सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

धाकट्याने बारावी कॉमर्स केली, ७१ टक्के. बी.कॉम.चा फॉर्म भरायच्या आदल्या रात्री जेवताना म्हणाला, "मम्मी, मला बायबल कॉलेजला जायचंय. बी.टीएच. करायला." म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी. त्यातही साधं नाही, नवी मंडळी कशी उभी करायची यावरच भर असलेला कोर्स म्हणे. चर्च प्लांटिंग. मिस्टरांनी ताट बाजूला सारलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. चार दिवस झाले, बापलेक माझ्यामार्फत बोलतायत. "त्याला सांग", "पप्पांना सांग". मी काय टपालखातं आहे?

मिस्टरांचा राग मला कळतो. सासरे नेवाशाकडच्या एका खेड्यात मंडळीचे मास्तर होते. आठवडाभर शाळा, रविवारी भक्ती. मिशनकडून येणारे पैसे आटले तेव्हा त्यांचा पगार सुगीवर आला. मिस्टर आठ-नऊ वर्षांचे असतील, बापाबरोबर गोणी घेऊन घरोघर ज्वारी गोळा करायला जायचे. एकदा एक बाई दारातूनच म्हणाली, "मास्तर, परवाच नाही का दिली?" ते वाक्य हे अजून म्हणून दाखवतात, तिच्याच आवाजात. पुढे मुंबई, बेस्टमध्ये कंडक्टर, आणि पोरांना शिकवायचं ते कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही असं, एवढं एकच धोरण. आता धाकटा नेमकी तीच गोणी खांद्यावर घ्यायला निघालाय असं त्यांना वाटतं.

मुलाचं म्हणणंही ऐका. आम्ही पहिल्यापासून भायखळ्याच्या मंडळीचे. माझे दीर दोन वर्षांपूर्वी चाळ सोडून बदलापूरला गेले, तिथे वन बीएचके परवडला. आता रविवारी मेगाब्लॉक नसला तरी जाऊन-येऊन तीन तास, असला तर विचारूच नका. जाऊ म्हणते, "आम्ही यूट्यूबवर भक्ती ऐकतो, अर्पण जीपे करतो." गेल्या नाताळात हा त्यांच्याकडे गाणी म्हणायला गेला होता. एकट्या त्या कॉम्प्लेक्समध्ये त्याला अकरा मराठी ख्रिस्ती घरं सापडली, कुणी नगरचं, कुणी जालन्याचं, कुणी सोलापूरचं. एकमेकांना लिफ्टमध्ये बघायचे, पण कुणाच्या दारावर तारा टांगलेला दिसेपर्यंत ओळख नव्हती. कुठल्याच मंडळीत कुणी जात नाही. ते अकरा आकडा घेऊन तो घरी आला आणि तेव्हापासून तो आकडा काही त्याच्या डोक्यातून जात नाही. याला तो पाचारण म्हणतो, म्हणजे देवाचं बोलावणं. मला त्या शब्दाची जरा भीती वाटते. त्याच्यापुढे आईला वाद घालता येत नाही.

तर माझे प्रश्न. असल्या कोर्सात शिकवतात काय? पदवी बाहेर चालते का, म्हणजे पंचविसाव्या वर्षी मन बदललं तर बँकेची परीक्षा देता येईल का? आणि कोर्स झाल्यावर ही मुलं खातात काय? उपदेश नको, उपदेश घरात भरपूर आहे. माहिती द्या.

अंबरनाथ_पाळक
मंगळवार, सकाळी ६.१५

सिस्टर, जय ख्रिस्त. मी अंबरनाथ पूर्वेला अकरा वर्षं आहे. बारावीनंतर बी.टीएच. केलं, महाराष्ट्राबाहेर. मंडळीत आज लहानमोठी साठ माणसं. आठवड्याचे पाच दिवस एसी-फ्रिज दुरुस्तीची कामं करतो. म्हणजे तुमचा शेवटचा प्रश्न आधी सुटला.

आता पदवीचं. बी.टीएच. साधारण तीन ते चार वर्षांची. मान्यतेचे दोन शिक्के ऐकाल. एक सेरामपूरचा. विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ साली काढलेलं बंगालमधलं कॉलेज. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून पदव्या द्यायची सनद १८२७ साली डेन्मार्कच्या राजाकडून मिळाली. आज त्यांच्या सिनेटशी देशभरातली कॉलेजं जोडलेली आहेत. दुसरा शिक्का एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनचा. तो मंडळ्यांमध्ये आणि पुढच्या सेमिनऱ्यांमध्ये चालतो, पण ती यूजीसीची मान्यता नव्हे. बँकेला, एमपीएससीला मान्य विद्यापीठाची पदवी लागते. तेव्हा माझं सरळ सांगणं: मुलाने जोडीला नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. नाहीतर बी.कॉम. करावं. एकाच वेळी दोन पदव्यांना यूजीसीने २०२२ सालीच मुभा दिली आहे. मी ते केलं नाही. तीस वर्षांचा झाल्यावर पहिल्या वर्षाची पुस्तकं घेऊन बसलो, बाजूला मुलगी पहिलीचं गिरवत होती.

आणि पदवीधर झाला की बी.डी.चा, म्हणजे धर्मशास्त्राच्या पुढच्या पदवीचा रस्ताही मोकळा राहतो. सेरामपूरचं बी.डी. पदवीधरांना चार वर्षांचं. आपल्याकडे पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९५३ साली यवतमाळला सुरू झाली, १९८३ ला पुण्यात आली. मात्र शिकवणं इंग्रजीत. मुलगा मराठी माध्यमाचा असेल तर पहिलं वर्ष जड जातं, आणि गंमत म्हणजे परत आल्यावर उलटं जड जातं. डोक्यात सगळं इंग्रजीत बसलेलं असतं आणि समोर बसलेल्या आजीला "नीतिमान ठरवणे" म्हणजे काय ते तिच्या भाषेत सांगायचं असतं.

शिकवतात काय? जुना करार, नवा करार, थोडी ग्रीक, मंडळीचा इतिहास, उपदेश कसा बांधायचा, समुपदेशन, भारतातले इतर धर्म. त्यात मंडळी-स्थापनेचे विषय वेगळे. प्रेषित पौलाचे प्रवास नकाशावर मांडून बघतात: करिंथला दीड वर्ष, इफिसला तीनेक वर्षं, बाकी ठिकाणी किती कमी, आणि निघताना कारभार कुणाच्या हाती दिला. मॅकगॅव्हरनचे विचार शिकवतात. मध्य प्रदेशात दमोहला १८९७ साली जन्मलेला मिशनरी. त्याचं म्हणणं, माणसं एकेकटी येत नाहीत, नात्यागोत्याच्या वाटेने येतात, म्हणून त्याच वाटेने जा. वर्गात आम्हाला हे फार पटलं होतं. अंबरनाथला आल्यावर कळलं की आपल्याकडे नातंगोतं म्हणजे जात. एकाच समाजाची मंडळी भराभर वाढते आणि मग तिथेच अडकते. दुसरा माणूस दारात आला की सगळे वळून बघतात. यावर तासभर वाद झाला पाहिजे होता, आमच्या सरांनी पुढचं पान उलटलं.

खरं शिक्षण शनिवार-रविवारचं. दुसऱ्या वर्षी आम्हा चौघांना एका वस्तीत पाठवलं. सरांनी सांगितलं होतं, महिनाभर तोंड उघडायचं नाही, नुसतं हिंडा आणि लिहून आणा: नळ किती, पाणी किती वाजता, कामावरून कोण कधी परततं, कुणाकडे कुणाचं जाणं-येणं. आम्हाला तो वेडेपणा वाटला. दोन शनिवारांनंतरच एका घरी प्रार्थना ठेवली, संध्याकाळी सात. माझा पहिला संदेश. विषय घेतला येशूला विहिरीवर भेटलेली शोमरोनी बाई आणि जिवंत पाणी. बोलायला सुरुवात करून दहा मिनिटं झाली असतील, बाहेर कुणीतरी ओरडलं, "पाणी आलंऽऽ". क्षणात खोली रिकामी. हंडे, कळशा, बादल्या, आणि उरलो मी, एक आंधळे आजोबा आणि पेटी वाजवणारा माझा मित्र. आजोबा म्हणाले, "बोला की, मी आहे." त्या दिवशी सरांचं सांगणं समजलं. आता कुणीही नवी मंडळी म्हटलं की मी आधी विचारतो, तिकडे पाणी किती वाजता येतं?

जे शिकवलं नाही तेही सांगतो, कारण त्यात मी पोळलोय. मंडळीच्या नावाने पैसा यायला लागला की धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी, दरवर्षी हिशेबाची तपासणी. परदेशातून कुणी प्रेमाने काही पाठवतो म्हणालं तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय एक डॉलरही घ्यायचा नाही. आमच्या मंडळीत पहिलं लग्न ठरलं, हॉल बुक, पत्रिका छापल्या, आणि मग लक्षात आलं की १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे माझ्यासारख्याला लग्न लावायचा परवाना लागतो. तो माझ्याकडे नव्हता. कल्याणच्या एका वडीलधाऱ्या पाळकांचे पाय धरले, त्यांनी येऊन लग्न लावलं. मी आपला बाजूला उभा राहून अंगठ्यांचं तबक धरलं. नवऱ्या मुलीच्या मामांनी मला वाढपी समजून पाणी मागितलं.

शेजाऱ्यांचंही तसंच. राज्यघटनेच्या कलम २५ ने धर्म आचरायचा आणि सांगायचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा कुणाचा हक्क नाही असं सुप्रीम कोर्टाने १९७७ सालीच सांगितलंय. मुलाला हे दोन्ही तोंडपाठ हवं. मी भाड्याचा गाळा घेतला तेव्हा आधी वरच्या मजल्यावरच्या चारही घरी जाऊन आलो: आम्ही अमुक, रविवारी दहा ते बारा, ढोलकी असेल, स्पीकर नाही. एकाने दार लावून घेतलं, तिघांनी चहा दिला. दार लावलेल्याचा फ्रिज पुढे मीच दुरुस्त केला. पैसे पूर्ण घेतले. फुकट केला असता तर त्याचाही वेगळा अर्थ निघाला असता.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. दोनच गोष्टी विचारा. मुलगा शनिवार-रविवार कुठे असेल आणि त्याच्याबरोबर कोण असेल? आणि पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत? दुसऱ्या प्रश्नाला जो हसून टाळतो तिथे पैसे भरू नका.

ई_वॉर्ड_मास्तर
मंगळवार, दुपारी १.०५

मी निवृत्त शिक्षक, भायखळ्यातच राहतो. ताई, कदाचित तुम्ही आमच्याच मंडळीच्या असाल, नाव विचारत नाही.

मला या नव्या मंडळ्यांचा मनस्वी कंटाळा आहे हे आधीच सांगून टाकतो. १९७० साली नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) झाली. त्यांना जमवायला चाळीसेक वर्षं बोलणी करावी लागली. आणि आता कुणीही गिटारवाला उठतो, आमच्यापासून पाच मिनिटांवर हॉल घेतो, आमच्याच संडे स्कूलची पोरं नेतो आणि अहवालात लिहितो "नवी मंडळी स्थापन". ही स्थापना नव्हे, दुसऱ्याच्या दावणीची मेंढरं सोडून आपल्या दावणीला बांधणं आहे. पौल दुसऱ्याच्या पायावर बांधायला नको म्हणत होता. हे त्या कोर्सात शिकवतात का, विचारून घ्या.

दुसरं. हे "स्वतःचा खर्च स्वतः, कारभार स्वतः, प्रसार स्वतः" असं जे तीनसूत्री शिकवतात, ते काही आजचं नाही. इंग्लंडात हेन्री व्हेन आणि अमेरिकेत रुफस अँडरसन या मिशन संस्थांच्या चिटणिसांनी ते मांडलं. हा अँडरसन १८५४-५५ च्या दौऱ्यात मुंबईला आणि नगरला येऊन गेला होता. अमेरिकन मराठी मिशनला त्याने बजावलं, मोठ्या इंग्रजी शाळांवर पैसा घालू नका, खेड्यापाड्यात मंडळ्या करा, त्यावर इथलेच पाळक नेमा आणि त्यांना लोकांनी पोसावं. विचार सोन्यासारखा. पण पोसणाऱ्याच्याच घरात दाणा नसेल तर? ताईंच्या सासऱ्यांची गोणी म्हणजे त्या सूत्राचं शेवटचं टोक, जे अँडरसनच्या बोस्टनहून दिसत नव्हतं. तुमच्या मिस्टरांचा राग मला अभ्यासक्रमात लावावासा वाटतो.

आमचे नारायण वामन टिळक बघा. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, पुढे बावीस वर्षं मिशनची चाकरी, आणि १९१७ ला ती सोडून साताऱ्यात "देवाचा दरबार" मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. अभंग, कीर्तन, भारतीय बैठक. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार पुढे चालला नाही. नवी मंडळी काढायला निघालेल्या मराठी मुलाने मॅकगॅव्हरनच्या आधी हे शिकावं की नाही?

आता जरा मऊ होतो. माझी मुलगी तळोज्याला राहते. महिन्यातून एकदा येते, बाळाला घेऊन दोन गाड्या बदलत. तिच्या आसपास कुणी घरगुती प्रार्थना सुरू केली तर मी विरोध करणार नाही. जिथे आपली माणसं गेली आणि देऊळ मागे राहिलं, तिथे जरूर काढा. फक्त जुन्या मंडळीला सांगून काढा, पत्र घेऊन जा. पळून जाऊन लग्न केल्यासारखं नको.

मानखुर्द_पाळणाघर
मंगळवार, रात्री १०.२०

मास्तर, पत्र द्यायला जुनी मंडळी कमिटीची सही मागते आणि कमिटीची मीटिंग मेगाब्लॉकमुळे पुढे जाते, हेही लिहा ना. :)

सिस्टर, मीसुद्धा बी.टीएच. केलंय. वर्गात बावीस जण, आम्ही मुली चार. मंडळी-स्थापनेच्या पेपरात मी पहिली आले. बाहेर पडल्यावर मुलांना "कुठे सेवा करणार?" विचारलं, मला "कुणाशी लग्न करणार?" मानखुर्दला कामावर जाणाऱ्या बायांच्या पोरांसाठी पाळणाघर काढलं, बाया संध्याकाळी पोरं न्यायला आल्या की अर्धा तास बसायच्या, कुणी रडायची, कुणी गायची. तीन वर्षांत तीस बाया झाल्या. मग एका संस्थेने तिथे एका मुलाला पाळक म्हणून पाठवलं आणि त्यांच्या यादीत ती मंडळी त्या वर्षी "सुरू झाली". मी अजून पाळणाघर चालवते. मुलगा वाईट नाही, उपदेशाआधी मला फोन करून विचारतो कुणाच्या घरी काय चाललंय.

तुमच्या "खातात काय" या प्रश्नाचं उत्तर पास्टरांनी अर्धंच दिलं. माझ्या बॅचचे जे सात जण खरोखर नव्या जागी टिकले, त्यातल्या पाच जणांचं घर बायकोच्या पगारावर चालतं. नर्स, शिक्षिका, एक पार्लरवाली. कोर्समध्ये पौल पोटासाठी तंबू शिवायचा हे शिकवतात. त्याच्याबरोबरची प्रिस्किल्लाही तंबूच शिवायची, ते मात्र एका ओळीत.

अंबरनाथ_पाळक
मंगळवार, रात्री १०.५१

पकडलंत. माझी बायको झेडपी शाळेत शिक्षिका आहे. पहिली सहा वर्षं गाळ्याचं भाडं तिच्या पगारातूनच जायचं. हे सकाळीच लिहायला हवं होतं.

भांडुपची_सिस्टर
शनिवार, दुपारी ३.३०

सगळ्यांचे आभार. मानखुर्दच्या ताई, म्हणजे मला सून नर्सच बघावी लागणार. नर्सचे पाय कसे दुखतात ते मला माहीत आहे, त्यामुळे तिला आधी सगळं खरं सांगेन.

मास्तर, तुमचं गोणीबद्दलचं मी मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. "अभ्यासक्रमात लावावासा वाटतो" इथे थांबायला लावलं, पुन्हा वाच म्हणाले. मग बराच वेळ गप्प. नंतर त्यांनी मुलाला पहिल्यांदा थेट विचारलं, माझ्यामार्फत नाही: "तू ट्रस्टचा हिशेब ठेवू शकशील का? कॉमर्स केलंयस ना?" तो म्हणाला, शिकेन. मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.चा फॉर्म दोघांनी मिळून भरला. बायबल कॉलेजचं अजून ठरलेलं नाही. दोन ठिकाणी फोन केले आणि पास्टरांचा पाच वर्षांचा प्रश्न विचारला. एकाने लगेच सहा जणांचे नंबर दिले. दुसरे म्हणाले, ब्रोशर पाठवतो.

पास्टर, उद्या आम्ही तिघं अंबरनाथला तुमच्या भक्तीला येतोय. मुलाने तिकडे पाणी किती वाजता येतं ते विचारायला सांगितलंय. मिस्टर "मी कशाला" म्हणत होते. आत्ता बघते तर चष्मा लावून लोकलच्या एम-इंडिकेटर ॲपवर उद्याचा ब्लॉक कुठून कुठे आहे ते शोधत बसलेत.